मदत हवी आहे: गोल खाल्ला, तरी आमचाच खेळाडू बाहेर का?

शुक्रवारची_रात्र
तातडीने सांगा. काल हॉकीच्या सामन्यात आमच्यावर गोल झाला आणि त्यानंतर पंचांनी आमच्याच खेळाडूला शिक्षेच्या बॉक्समध्ये बसवलं. तो आत असताना दुसरा गोल खाल्ला, सामना 3-2 ने गेला. एका चुकीला दोन गोल! गोल झाला की पेनल्टी, म्हणजे बाहेर बसण्याची शिक्षा, संपते ना? आज त्याच संघाशी परत सामना आहे. रूममेट म्हणतो नियमच तसा आहे, पण कोणता ते त्याला सांगता येत नाही.

कोल्हापुरी_मिनेसोटात
एनएचएल (उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक लीग), कॉलेज की क्लब? पेनल्टी मायनर (दोन मिनिटांची) की मेजर? मेजर असेल तर कितीही गोल होवोत, पाच मिनिटं पूर्ण बसावं लागतं.

जुना_पंच
मी पुण्यात शाळांच्या हॉकीत बरीच वर्षं शिट्टी वाजवली आहे. हिरवं कार्ड म्हणजे 2 मिनिटं बाहेर. मध्ये गोल झाला म्हणून कोणी परत येत नाही. पंचांचं बरोबर आहे.

शुक्रवारची_रात्र
काका, ही बर्फावरची हॉकी आहे, कार्डं नसतात. कॉलेजचीच, मुलांची. ट्रिपिंग (पाय घालून पाडणं), दोन मिनिटं.

डेट्रॉइटकर
पंच चुकला. इतकी वर्षं एनएचएल बघतोय, पंचाचा हात वर असताना गोल झाला की मायनर माफ. कोचने तिथेच भांडायला हवं होतं.

कोल्हापुरी_मिनेसोटात
@डेट्रॉइटकर, हात वर होता असं त्यांनी कुठे लिहिलंय? शुक्रवार, आधी शिट्टी की आधी गोल? समोरचा गोलकीपर कुठे होता?

शुक्रवारची_रात्र
शिट्टी नव्हती, हात वर होता. त्यांचा गोलकीपर बेंचकडे पळाला, सहावा खेळाडू आला आणि त्यानेच गोल मारला. याने काही फरक पडतो का?

कोल्हापुरी_मिनेसोटात
सगळा फरक यानेच पडतो! याला डिलेड पेनल्टी म्हणतात. चूक तुमची, पण पक (खेळायची रबरी चकती) त्यांच्याकडे, म्हणून पंच फक्त हात वर करतो, खेळ थांबवत नाही. पक तुमच्या ताब्यात आला की लगेच शिट्टी, त्यामुळे गोलकीपर काढण्यात त्यांना फारसा धोका नसतो. त्यात गोल झाला तर एनएचएलमध्ये मायनर रद्द होते. एनसीएएमध्ये (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) होत नाही, 2010-11 च्या हंगामापासून. तुम्ही म्हणता ते 'गोल झाला की सुटका' पेनल्टी सुरू झाल्यानंतरचं. म्हणून दुसऱ्या गोलनंतर तुमचा खेळाडू सुटला असणार.

शुक्रवारची_रात्र
हो! दुसऱ्या गोलनंतर लगेच बाहेर आला. हे लिहायचं राहिलं.

डेट्रॉइटकर
कॉलेजचा असेल नियम, मला पटत नाही. गोल मिळाला म्हणजे नुकसान भरून निघालं, वर पॉवरप्ले (समोरचा एक खेळाडू कमी) कशाला?

कोल्हापुरी_मिनेसोटात
पहिला गोल त्यांनी खेळून मिळवला, चुकीची शिक्षा अजून बाकीच होती. पाय घालून पाडण्याची किंमत मोजायलाच हवी. मला कॉलेजचा नियम जास्त न्याय्य वाटतो.

बोस्टनची_मावशी
अगं, रिंकवर जाताना थर्मल घाल, बाक बर्फासारखे गार असतात. आणि बरोबरी झाली तर लगेच उठू नकोस, साखळी सामन्यात 3 विरुद्ध 3, पाच मिनिटांचा जादा वेळ असतो.

डेट्रॉइटकर
ते 3 विरुद्ध 3 म्हणजे हॉकीच नाही. एनसीएए स्पर्धेत बघा, 5 विरुद्ध 5, वीस-वीस मिनिटं, गोल होईपर्यंत. 2021 ला फार्गोत मिनेसोटा-डुलुथने नॉर्थ डकोटाला पाचव्या ओव्हरटाइममध्ये हरवलं!

बोस्टनची_मावशी
आणि 2023 च्या अंतिम सामन्यात क्विनिपिआकने मिनेसोटाला ओव्हरटाइमच्या दहा सेकंदांत हरवलं. आमच्याकडे चहा ओतेपर्यंत संपलं होतं.

कोल्हापुरी_मिनेसोटात
मावशी, ती आठवण नको. अजून दुखतं.

जुना_पंच
म्हणजे माझ्या हिरव्या कार्डासारखंच झालं की, निदान पहिल्या गोलपुरतं.

शुक्रवारची_रात्र
हो काका, तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर. कोल्हापुरी, मनापासून आभार, रूममेटलाही वाचून दाखवलं. आज पंचाचा हात वर गेला की मी फक्त पकाकडे बघणार, आमच्या कोणाच्या तरी ताब्यात येऊ दे आणि शिट्टी वाजू दे. निघते, सातला पहिला फेसऑफ आहे.