गे प्रेमकथेतला नायक बरा होतो, पण कुणाच्या जिवावर?

पेठेतला_वाचक
मोबाइलवर भागाभागांनी येणाऱ्या मराठी गे प्रेमकथा मी आवडीनं वाचतो, हे आधीच सांगतो. नाहीतर मला संस्कृतिरक्षकांत बसवाल. तक्रार वेगळी आहे.

कथानक बहुतेक ठरलेलं. पुण्यात आयटीत असलेला मुलगा, बापानं घराबाहेर काढलेला, आधीच्या मित्रानं फसवलेला, रात्री दचकून उठणारा. तो गावाकडं येतो आणि पन्हाळ्याच्या पायथ्याला त्याला एक गुऱ्हाळवाला भेटतो. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. सहाव्या भागात मिठी, आठव्यात रडारड, दहाव्या भागात नायकाला गाढ झोप लागते. विषय संपला.

आता त्या गुऱ्हाळवाल्याचं काय? हंगामात त्याचं चुलवाण रात्रंदिवस पेटलेलं असतं, घरी आई मुली बघतेय, त्यालाही कुणापाशी बोलता येत नाही. पण अख्ख्या कथेत त्याच्या वाट्याला एकही वाईट रात्र येत नाही. लेखकानं त्याला नुसतं मलम करून ठेवलंय. नायक खुशाल बरा होऊ दे, फक्त त्याचा खर्च कुणी भरला तेही लिहा.

राजारामपुरीची
साफ नामंजूर! दुःखी शेवटांचा आपला कोटा कधीच भरलाय.

ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकानं १९१३-१४ मध्ये 'मॉरिस' ही कादंबरी लिहिली. त्यातला नायक स्वतःला रोगी समजून संमोहनवाल्याकडं जातो. तो उपचार फसतो. शेवटी तो इस्टेटीवरच्या एका रानराख्याबरोबर संसार थाटायला निघून जातो. पुस्तक छापलं गेलं १९७१ मध्ये, फॉर्स्टर वारल्यानंतर. इंग्लंडातला कायदा सैल झाला तोच १९६७ मध्ये. शेवटी गळफास दाखवला असता तर छापणं सोपं गेलं असतं, पण सुखी शेवट मला हवाच होता, अशा अर्थाचं त्यानं नंतरच्या टिपणात लिहून ठेवलंय.

आपल्याकडं तर दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालाची २००९ ते २०१३ ही मधली वर्षं सोडली, तर ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत हे संबंध गुन्हाच होते. एवढ्या सगळ्यानंतर एखाद्या पोराला दहाव्या भागात झोप लागली तर तुमचं काय बिघडलं? ऊस गाळणाऱ्याचा हिशेब मांडायला साखर कारखान्याचे अहवाल आहेत की.

तालीमबाज
ह्यो समदा भाईरचा नाद हाय भावांनो. आपल्या कोल्हापुरात असलं कवा न्हवतं. लाल मातीत या, घाम गाळा, चार दिवसांत डोकं ठिकाणावर येतंय.

राजारामपुरीची
तालीमबाज दादा, यल्लम्माला सोडलेल्या, लुगडं नेसणाऱ्या जोगत्यांना पिढ्यान्‌पिढ्या दारात जोगवा वाढणारा हा मुलूख आहे. जोगते आणि गे पुरुष एक नव्हेत, हे मलाही कळतं. पण 'कवा न्हवतं' हे तरी म्हणू नका. आणि घाम गाळून हे जात असतं तर तालमीत कुणीच तसा सापडला नसता.

तालीमबाज
तालमीचं नाव घ्यायचं काम न्हाई.

जुना_सभासद
भांडण जरा बाजूला ठेवा. फॉर्स्टरचं नाव निघालंच आहे तर त्याचा कोल्हापूरशी असलेला संबंध सांगतो. १९२१ मध्ये तो मध्य भारतातल्या देवास संस्थानाच्या थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांकडं खाजगी सचिव होता. हे तुकोजीराव म्हणजे आपल्या राजर्षी शाहूंचे जावई, आक्कासाहेबांचे यजमान. (त्या लग्नाचंही पुढं काही बरं झालं नाही, पण तो इतिहास मोठा आहे.) तिथं फॉर्स्टरनं महाराजांपुढं मन मोकळं केलं. महाराजांनी त्याला हाकललं नाही, उलट त्याची सोय लावली. सोय म्हणजे राजवाड्यातला एक न्हावी. पुढं आपण त्या माणसाशी क्रूरपणानं वागलो, हे फॉर्स्टरनंच लिहिलंय. ते टिपण त्याच्या मागं प्रसिद्ध झालं.

तेव्हा पेठेतला_वाचक यांचा प्रश्न खुद्द फॉर्स्टरलाच लागू पडतो. ज्यानं नायकाला रानराखा मिळवून दिला, त्याच्या आयुष्यातल्या न्हाव्याच्या वाट्याला काय आलं?

राजारामपुरीची
काका, तो माणसाचा दोष झाला, कादंबरीचा नव्हे. उलट प्रत्यक्षात जमलं नाही म्हणूनच माणूस कागदावर चांगलं लिहितो.

पेठेतला_वाचक
कागदावर जमतंच नाही असंही नाही. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) घ्या. भाऊ आणि बहीण एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात आणि तो दोघांनाही सोडून जातो. पुस्तकाचा अर्धा भाग भाऊ सांगतो, उरलेला बहीण. भावाचं दुखणं मोठं दाखवायला बहिणीला गप्प बसवलेलं नाही. मला एवढंच हवंय.

समुपदेशक_ताई
व्यवसायाच्या बाजूनं थोडं बोलते. समलैंगिकता हा आजार नाही, हे इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनं २०१८ मध्ये जाहीर सांगितलं. ती 'बदलण्याचे' उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं. म्हणजे या नायकानं बरं व्हायचं ते प्रेमापासून नाही, बापाच्या काठीपासून आणि वर्षानुवर्षांच्या लपवालपवीपासून.

आणि त्यात जोडीदाराचा उपयोग होतो. आपल्याला सगळं ठाऊक असलेलं एक माणूस समोर शांत बसलंय, हा अनुभव लहान नाही. पण दचकून उठणं दहाव्या भागात थांबत नाही. चांगलं चाललेल्या घरातही ते मध्येच परत येतं, कधी बापाचा फोन आल्यावर, कधी कुणाच्या लग्नाची पत्रिका आल्यावर. अशा वेळी जोडीदार थकतो, चिडतो, 'माझं कोण ऐकणार' म्हणतो. माझ्याकडं अशा जोड्या येतात तेव्हा बहुतेकदा आधी बोलायला लागतो तो जोडीदार, ज्याला काही दुखत नाही असं धरून नुसतं सोबत आणलेलं असतं. त्याच्यावर कुणी कथा लिहिली तर मी पहिली वाचीन.

तरीही पेठेतला_वाचक यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. हॉस्टेलवर पांघरुणात मोबाइल धरून वाचणाऱ्या पोराला आधी झोप लागू दे. हिशेब त्याला पुढं कळेलच.

मधल्या_गल्लीतला
पहिल्यांदाच लिहितोय. वय चव्वेचाळीस, दोन मुलं. तरुणपणी वडील मला एका डॉक्टरांकडं घेऊन गेले होते. त्यांनी मला गोळ्या लिहून दिल्या आणि वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, लग्न लावून टाका. लावलं.

रात्री सगळी झोपली की या कथा वाचतो. मला तो गुऱ्हाळवाला मलमच हवाय. त्याला आई नको, हंगाम नको, कर्ज नको. कुणामुळं कुणाचं किती नुकसान झालं, हा हिशेब माझ्या घरात रोज चालतो, फक्त बोलून दाखवत नाही कुणी. तोच कथेतही वाचायचा असेल तर मी वाचू कशाला?

राजारामपुरीची
दादा, लिहिलंत ते बरं केलंत. माझ्या चार परिच्छेदांपेक्षा तुमचे हे दोनच भारी आहेत.

पेठेतला_वाचक
मधल्या_गल्लीतले दादा, तुमचा राग अंगावर घेतो. पण एक विचारल्याशिवाय राहवत नाही. या कथांत नायकाचं लग्न झालेलं असलं तर बायको एक तर कजाग असते, नाहीतर तिसऱ्या भागात 'जा, सुखी राहा' म्हणून निघून जाते. ती पुढं कुठं राहते, काय खाते, कुणी सांगत नाही. वहिनींच्या बाजूनं बघितलं तर ही कथा कशी दिसेल? तिलाही त्यात जागा नको का?

मधल्या_गल्लीतला
याचं उत्तर मला इथं देता येणार नाही.

गंगावेशीतली
मी देते. माझं लग्न अशाच माणसाशी झालं होतं. परस्पर संमतीनं वेगळे झालो. तो आता बेंगळुरूला आहे, बरा आहे म्हणे.

पेठेतला_वाचक, तुमचा हेतू चांगला आहे, पण मला त्याच्या प्रेमकथेत जागा नको. तिथं मी कितीही समजूतदार लिहिली तरी त्याच्या वाटेतली एक पायरीच असणार. ती पायरी व्हायला मी मोकळी नाही. तुम्ही त्या दोघांचं खुशाल गोड लिहा, गुऱ्हाळासकट. माझ्याबद्दल लिहायचं असेल तर ते निराळं लिहा. त्यात तो दोन पानं आला तरी पुष्कळ.

पेठेतला_वाचक
ताई, पटत नाही. निराळं कोण लिहितं? आणि लिहिलं तरी पांघरुणात वाचणारं ते पोर ते उघडणार आहे का? त्याच्याच कथेत तुमची दोन पानं असली तर निदान नजरेखालून तरी जातील.

गंगावेशीतली
नजरेखालून अकरा वर्षं गेले मी. पुरे.