लग्नाला आलेल्या पाहुण्यांना ठाणे-नवी मुंबईत काय दाखवावे? आपले अनुभव लिहा

तुळशीचे लग्न लागले की कार्यालये भरू लागतात आणि ठाण्या-नवी मुंबईतील घराघरांत एक प्रश्न उभा राहतो: हळद आणि सीमांतपूजन यांच्या मधल्या रिकाम्या वेळात बाहेरगावच्या मंडळींना न्यायचे कुठे? मुंबई दर्शनाची बस हा सोपा तोडगा असला, तरी दिवसभर दक्षिण मुंबईत फिरून रात्री उशिरा जानवसघरी परतलेले वऱ्हाड दुसऱ्या दिवशी मुहूर्ताच्या वेळी पेंगत असते, हे आपण सर्वांनीच पाहिलेले आहे. म्हणून येथे घराजवळची ठिकाणे हवी आहेत. आपण कोणाला, किती वेळासाठी, कुठे नेले आणि वयस्कर मंडळींचे व लहान मुलांचे कसे जमले, ते सविस्तर लिहावे. नुसती यादी नको. माझ्या मुलीचे लग्न मार्गशीर्षात असून पाहुणे नागपूर आणि कोल्हापूर अशा दोन टोकांचे आहेत, त्यामुळे ही विचारपूस निःस्वार्थ नाही, हेही सांगून टाकते.

नौपाडा, ठाणे – वधूची मावशी

आमचे कार्यालय स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर होते, म्हणून वाहन न करता सकाळी सर्वांना मासुंदा तलावावर नेले. ज्याला आपण तलावपाळी म्हणतो, त्या एका फेरीत कोपिनेश्वराचे मंदिर, जांभळी नाक्याचा फुला-फळांचा बाजार, पोर्तुगीज काळापासूनचे चर्च आणि गडकरी रंगायतन एवढे सगळे पायी होते. कोपिनेश्वराच्या गाभाऱ्यातील भव्य पिंडी पाहून अमरावतीच्या आत्याबाई बराच वेळ उठल्याच नाहीत. बाजारात पाहुण्यांनी ओटीसाठी लागणारी फळे आणि गजरे स्वतःच निवडले, त्यामुळे आमचेही एक काम हलके झाले.

आमच्याकडे नाशिकचे काही लोक होते. त्यांना मध्यवर्ती कारागृहाची तटबंदी बाहेरून दाखवली. हा मुळात पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला किल्ला आहे, आणि नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाच्या खटल्यात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी येथेच फाशी देण्यात आली. आत जाता येत नाही, तरी नाशिककर मंडळी त्या भिंतीपाशी थांबली. लग्नघरात हे सांगावे की नाही, असे काही जणांना वाटेल. मला तरी त्यात काही वावगे वाटले नाही.

नाश्त्याला तहसील कचेरीजवळची मामलेदारची मिसळ ठरलेलीच आहे. मात्र तिखटाची सवय नसलेल्यांसाठी आधीच कमी तिखट सांगावे, कारण हळदीच्या दिवशी घसा धरलेली करवली कोणालाच परवडत नाही.

ऐरोली – वराचे काका

लग्नसराई आणि फ्लेमिंगोंचा हंगाम साधारण एकाच काळात येतात, याचा फायदा घ्यावा. ठाणे खाडीचा पश्चिमेकडील भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. ऐरोली पुलाजवळच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून वनविभागाच्या बोटी सुटतात. पूर्ण भरतीला पक्ष्यांना उभे राहायला चिखल उरत नाही आणि पूर्ण ओहोटीला बोटीला पाणी उरत नाही, म्हणून फेऱ्यांची वेळ भरती-ओहोटी पाहून ठरते आणि ती रोज बदलते. आधी जागा राखून मगच घरातल्या कार्यक्रमांचे वेळापत्रक छापावे. आम्ही मेंदीची वेळ बोटीप्रमाणे पुढे ढकलली, त्यावर विहीणबाई थोड्या नाराज झाल्या. पण परत येताना सर्वांत जास्त फोटो त्यांच्याच फोनमध्ये होते. नोव्हेंबरात पक्षी तुरळक असतात. जानेवारीनंतरची लग्ने या बाबतीत भाग्यवान.

नेरूळ – वधूचा भाऊ

वरील अनुभवाला एक पुरवणी जोडतो. ज्यांना बोटीत चढणे-उतरणे जमत नाही, त्यांना टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागील पाणथळीकडे न्यावे. काठावरून पक्षी दिसतात, गाडी बऱ्यापैकी जवळ जाते, दुर्बीण मात्र सोबत असावी. लहान मुलांसाठी वंडर्स पार्क पुरेसे आहे. जगातील आश्चर्यांच्या प्रतिकृती पाहून मुले रमतात आणि मोठ्यांना बाकावर बसता येते.

दिवाळे, बेलापूर – वराची आत्या

आमच्याकडे लग्न म्हणजे हळद, आणि हळद म्हणजे रात्रभर जागरण. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांना दूर नेण्याचा विचारही करू नये. आम्ही देशावरच्या व्याही मंडळींना गावातलीच जेटी आणि मासळीबाजार दाखवला. होड्या लागतात, टोपल्या उतरतात, भाव ठरतात, हे त्यांनी कधी पाहिलेले नव्हते. व्याही शाकाहारी होते, तरीही तासभर उभे राहिले, फक्त वाऱ्याची दिशा पाहून.

तेथे त्यांना आमच्या कोळ्यांचा जुना हिशेब सांगितला, तो येथे देते, म्हणजे ऐरोलीच्या बोटीसाठीही उपयोगी पडेल. तिथीची पाऊणपट काढावी, तेवढ्या वाजता अदमासे पूर्ण भरती असते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. लग्नपत्रिकेवर तिथी छापलेलीच असते, तेव्हा भटजींनी मुहूर्त काढला की भरतीही निघाली असे समजा. नेमकी वेळ मात्र छापील तक्त्यावरूनच पाहावी. हे ऐकून व्याह्यांनी लगेच पंचांग मागवले आणि पुढील आठवड्याच्या भरत्या काढत बसले.

बेलापूरचा किल्ला जवळच, किल्ले गावठाणात आहे. बुरुज-तटाचे अवशेष सोडले तर फार काही उरलेले नाही, म्हणून रायगड पाहिलेल्या माणसाला तेथे मोठ्या अपेक्षेने नेऊ नये. आमच्या गावात ज्या घरी अजून धवलारीण, म्हणजे लग्नविधीची पारंपरिक गाणी गाणारी बाई येते, त्या घरी पाहुण्यांना ती गाणी, म्हणजे धवला ऐकायला बसवावे, असे माझे मत आहे. गावाबाहेरच्या माणसाला तो किल्ल्यापेक्षा जास्त दिवस आठवणीत राहील.

कळवा – वराचे मेहुणे

पाहुण्यांत इतिहासाची आवड असलेले दोघे-तिघे असतील, तर त्यांना अंबरनाथचे शिवमंदिर दाखवावे. ठाण्याहून लोकलने पाऊण तासाच्या आत अंबरनाथ येते, आणि तेथून रिक्षाने वालधुनीच्या काठी असलेल्या मंदिरात थोड्याच वेळात पोहोचता येते. शिलाहार काळातील हे मंदिर आहे. तेथील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. सभामंडपातून पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जावे लागते आणि वर पाहिले तर शिखराच्या जागी उघडे आकाश दिसते. बाहेरच्या भिंतीवरील मूर्ती पाहायला तास पुरत नाही. गुडघेदुखी असलेल्यांनी सभामंडपातूनच दर्शन घ्यावे. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र टाळावी, कारण त्या दिवशी शिल्प नव्हे, फक्त पाठी दिसतात.

जाताना ठाणे स्टेशनवर त्यांना एक गोष्ट अवश्य सांगावी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी येथेच आली, ३४ किलोमीटर अंतर ५७ मिनिटांत कापून, आणि तिच्यातही सुमारे चारशे निमंत्रित पाहुणेच होते. त्यांची सरबराई कोणी केली असेल, हा विचार प्रत्येक वधुपित्याच्या मनात येतोच.

घोडबंदर रस्ता – वधूचे वडील

आमच्याकडे कार्यालय मोठे आणि वाहनतळ ऐसपैस, पण रस्त्याची कोंडी अशी की अंतर किलोमीटरांत सांगून उपयोग नाही. म्हणून एकच नियम पाळावा: पाहुण्यांची सहल सकाळी लवकर आणि कार्यालयाच्या त्याच बाजूला असावी. रविवार असेल तर ओवळ्याची ओवळेकर वाडी, म्हणजे फुलपाखरांची बाग, उत्तम. ऊन चढण्याआधी जावे, पावसाळा संपल्यानंतरचे दिवस अधिक चांगले. गायमुखच्या खाडीकिनारी संध्याकाळी बसायला जागा आहे. घोडबंदरचा किल्ला मीरा-भाईंदरच्या हद्दीत असला तरी आमच्या कार्यालयापासून तोच जवळचा ठरतो आणि तटावरून वसईची खाडी छान दिसते.

येऊरबद्दल थोडे वेगळे सांगतो. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र आहे, तेथे बिबटे आहेत आणि प्रवेशाला वेळेचे बंधन आहे. नटूनथटून, स्पीकर घेऊन, वीस जणांनी जाण्याची ती जागा नव्हे. पक्षी पाहणारे दोन पुतणे पहाटे गेले, ते खूश होऊन आले. बाकीच्यांना उपवन तलावाच्या काठी बसवले.

खारघर – वधूची वहिनी

बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून आमच्या पाहुण्यांना गाडीची गरज कमी पडते. सेंट्रल पार्क आणि जानेवारी २०२५ मध्ये उद्घाटन झालेले इस्कॉनचे मंदिर, एवढ्यावर एक सकाळ सहज जाते. ज्येष्ठातल्या लग्नाला आलेली तरुण मंडळी पहिला पाऊस पडताच पांडवकडा धबधब्याला जाण्याचा हट्ट धरतात. तेथे बुडून मृत्यू झालेले आहेत आणि पावसाळ्यात बंदी घातली जाते, त्यामुळे घरातील मोठ्या माणसाने स्पष्ट नकार द्यावा.

सोलापूर – पाहुणा

मी यजमान नाही, दरवेळी पाहुणाच असतो, तेव्हा दुसरी बाजू मांडतो. ठाण्याला लग्न म्हटले की आमच्या घरातील प्रत्येकाच्या डोक्यात समुद्र असतो. यजमान तलाव दाखवतात, खाडी दाखवतात, आम्ही मान डोलावतो आणि शेवटी आमच्यातला एक जण भीत भीत विचारतो की समुद्र कुठे आहे. गेल्या लग्नात वराच्या मामांनी हे ओळखून आम्हाला गाडीने अटल सेतूवरून नेले. जवळजवळ २२ किलोमीटरच्या पुलाचा बराचसा भाग पाण्यावरून जातो, तेथे थांबता येत नाही, पण खिडकीतून पाहून आमच्या आईचे समाधान झाले. घारापुरीची लेणी पाहायची असतील तर लग्नाआधी नव्हे, पाठवणीनंतरचा दिवस ठेवावा. गेटवेहून बोटीनेच तासभर लागतो आणि सोमवारी लेणी बंद असतात. रविवारी लग्न लावणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

आणखी एक विनंती. प्रत्येक ठिकाणी यजमानांनी सोबत येण्याचा आग्रह धरू नये, कारण त्यांचे अर्धे लक्ष फोनवर आणि कार्यालयात असते, आणि आम्हालाही घाई झाल्यासारखे वाटते. जानवसघराच्या दारावर एक कागद लावावा, त्यावर जवळची दोन ठिकाणे, रिक्षा कुठून घ्यावी, साधारण किती पैसे होतील आणि घरातील एका मोकळ्या मुलाचा नंबर लिहावा. जेवणाची वेळ मात्र सर्वांत वर आणि मोठ्या अक्षरात हवी.