स्लाउमधल्या डब्यांची 6 वर्षं भरली, ब्रिटिश पेन्शनला 10 लागतात. उरलेली 4 ठाण्यातून भरता येतील का?

घंटाळीची सुगरण, ठाणे

नमस्कार. वय 49, जन्म नोव्हेंबर 1976चा. ऑगस्ट 2011 ते जून 2021 आम्ही इंग्लंडमध्ये स्लाउला होतो. नवरा नोकरीत, मी घरून डबे द्यायचे. गणपतीत मोदक, दिवाळीत फराळ. एप्रिल 2013 पासून रीतसर सेल्फ-एम्प्लॉइड म्हणून नोंद केली. एकही टॅक्स रिटर्न चुकवलं नाही. सासूबाईंना अर्धांगवायू झाला म्हणून परत आलो. इथेही डबेच करते, रोज 22.

गेल्या आठवड्यात माझा नॅशनल इन्शुरन्सचा (ज्या वर्गणीवर तिथलं पेन्शन ठरतं तिचा) रेकॉर्ड ऑनलाइन उघडला. 2013-14 ते 2020-21 अशी 8 वर्षं दिसतील असं गृहीत धरलं होतं. दिसली 6. 2014-15 आणि 2019-20 अपुरी. 2019-20 मध्ये मी चार महिने सासूबाईंसाठी इथे होते, नफा फक्त 5,100 पाउंड झाला. रिटर्न भरून देणारे ओळखीचे गृहस्थ म्हणाले, "नफा कमी आहे, क्लास 2 भरायची सक्ती नाही, 156 पाउंड वाचतील." क्लास 2 म्हणजे स्वतःचा धंदा करणाऱ्यांची नॅशनल इन्शुरन्सची वर्गणी. मी हो म्हटलं. पेन्शनचं ते बोलले नाहीत आणि मला विचारायचं सुचलं नाही. 2014-15चं बिल तर घर बदलण्याच्या गडबडीत राहूनच गेलं.

10 वर्षं नसतील तर खरंच काहीच मिळत नाही का? भरलेले पैसे परत मिळतात का? माझ्या स्वतःच्या नावावर म्हातारपणासाठी दुसरं काही नाही, म्हणून जीव अडकलाय.

खारघर सेक्टर 12

ताई, मी लीड्सला फिजिओथेरपीची स्वतःची प्रॅक्टिस करायचो. यातून गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

10 पेक्षा कमी वर्षं असतील तर शून्य, आणि भरलेले पैसे परत नाहीत. पण तुमचं काम होण्यासारखं आहे.

आधी 2019-20. त्या वर्षी क्लास 2ची नफ्याची मर्यादा 6,365 पाउंड होती. त्याखाली नफा असेल तर भरणं ऐच्छिक, आणि नाही भरलं तर ते वर्ष पेन्शनला धरत नाहीत. रिटर्न भरलं म्हणजे वर्ष भरलं, असं आपण सगळेच समजून चालतो. मागची 6 वर्षं भरता येतात, म्हणजे 2019-20 साठी 5 एप्रिल 2026 ही शेवटची तारीख. 2014-15 मात्र गेलं. जुन्या वर्षांसाठी दिलेली सवलत 5 एप्रिल 2025 ला संपली.

आता परत आल्यानंतरची वर्षं. निघायच्या आधी तुम्ही तिथे काम करत होतात, 3 वर्षांहून जास्त वर्गणी भरलेली आहे, आणि इथेही डब्यांचा व्यवसाय चालू आहे. त्यामुळे 2021-22 ते 2025-26 ही पाचही वर्षं क्लास 2च्या दराने भरण्यासाठी अर्ज करता येतो. फॉर्म सीएफ83. घरी बसला असतात तर क्लास 3, म्हणजे काम नसलेल्यांची ऐच्छिक वर्गणी, लागला असता, तो 2025-26 च्या दराने आठवड्याला 17.75 पाउंड. क्लास 2 फक्त 3.50. वर्षाचे 182 विरुद्ध 923, इतका फरक.

चार वर्षांचे साधारण 728 पाउंड. 10 वर्षं झाली की पूर्ण पेन्शनचे 35 पैकी 10 भाग. 2025-26 मध्ये पूर्ण रक्कम आठवड्याला 230.25 आहे, म्हणजे तुम्हाला सुमारे 65.79. सगळी 6 वर्षं भरलीत तर 12 भाग, 78.94. मी तुमच्या जागी असतो तर सहाही भरली असती.

उशीर मात्र करू नका. 2025च्या नोव्हेंबरच्या बजेटमध्ये जाहीर झालंय की 6 एप्रिल 2026 पासून परदेशात राहणाऱ्यांसाठी ऐच्छिक क्लास 2 बंद, आणि क्लास 3 साठीही 10 वर्षांचं वास्तव्य किंवा 10 वर्षांची वर्गणी लागणार. तुमचं वास्तव्य दोन महिन्यांनी कमी पडतं. म्हणून जे आहे ते जुन्या वर्षांतूनच काढायचं. त्यातही 2019-20ची तारीख सगळ्यात जवळची.

वाशीचा कॉन्ट्रॅक्टर

माझा क्लास 4 दर वर्षी हजारांत जायचा. तो पेन्शनला धरत नाहीत?

खारघर सेक्टर 12

नाही. क्लास 4 नफ्यावर जातो, त्याने पेन्शनचं एकही वर्ष वाढत नाही. पेन्शनला मोजतात तो क्लास 2. एप्रिल 2024 पासून मर्यादेवर नफा असेल तर क्लास 2 न भरताच भरल्यासारखा धरतात, पण तुमची जुनी वर्षं एकदा तपासाच.

नेरूळचे आजोबा

सूनबाई, मी 71 वर्षांचा, 2020च्या अखेरीपासून हे पेन्शन घेतो. एक गोष्ट आधीच ठाऊक असू द्या: भारतात राहणाऱ्याचं पेन्शन वाढत नाही. पहिल्या दिवशी जी रक्कम ठरली तीच आजही येते. तेव्हा पूर्ण पेन्शन आठवड्याला 175.20 होतं, 2025-26 मध्ये 230.25. अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या जुन्या सहकाऱ्याचं दर वर्षी वाढतं, कारण त्या देशाशी करार आहे, आपल्याशी नाही. याचं मला फार वाईट वाटतं, तशी पत्रंही लिहिली. मुलाकडे तिकडे गेलो की तेवढ्या दिवसांपुरता वाढीव दर मिळतो, परत आलो की जुना.

तरीही भरा. तुमची रक्कम 67व्या वर्षी, म्हणजे 2043 मध्ये, त्या वेळच्या दराने ठरेल आणि मग गोठेल. पेन्शन आपणहून सुरू होत नाही, वयाच्या 4 महिने आधी अर्ज करावा लागतो. पुढे हयातीचा फॉर्म पोस्टाने येतो, तो वेळेत सही करून पाठवला नाही तर पैसे थांबतात. ठाण्याचा पत्ता बदललात तर आठवणीने कळवा.

घंटाळीची सुगरण, ठाणे

आजोबा, खारघरचे दादा, दोघांचे मनापासून आभार. काल डबे गेल्यावर बसून सीएफ83 ऑनलाइन भरला. 2011 पासूनचे सगळे पत्ते आणि कामाच्या तारखा लागतात, त्यासाठी जुन्या वह्या काढाव्या लागल्या. सहाही वर्षं मागितली आहेत. आधीच पैसे पाठवले नाहीत, किती आणि कुठे भरायचे ते पत्र येईल. 2019-20ची तारीख जवळ आहे म्हणून फोन करून तेही सांगितलं, पाऊण तास धरून बसावं लागलं. उत्तर आलं की इथेच लिहीन.