मदत हवी आहे: वर्गात मोठ्याने वाचायला छोटी कथा सुचवा

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी आम्ही नऊ जण कथालेखनासाठी जमतो. आधी एक कथा मोठ्याने वाचायची, मग आपापलं लिखाण. शिकवणारं कोणी नाही, कथा पाळीपाळीने निवडायची. या शनिवारी पाळी माझी.

अडचण अशी की आमच्या सगळ्यांच्या कथांना शेवटाची फार घाई. परवा एसटीतून निवृत्त झालेल्या एका काकांनी लिहून आणलं होतं: शेवटच्या फेरीत सीटखाली राहिलेला डबा, उघडला तर बाजरीची भाकरी आणि ठेचा, भाकरी अजून कोमट. ऐकताना सगळे गप्प. आणि पुढच्याच पानावर कंडक्टरला जाग येते, सगळं स्वप्न! काका म्हणाले, "शेवटी धक्का नको का?" मला उत्तर सुचलं नाही.

जी. ए. कुलकर्णींची कथा आणून पाहिली, ती एका बैठकीत संपेना. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं'मधलं एक वाचलं, तर ही कथा की व्यक्तिचित्र यावरच वाद रंगला (चहा दोनदा झाला). १९४५च्या आसपास नवकथा आली आणि घटनेपेक्षा मनातल्या हालचालींना महत्त्व आलं, एवढं ठाऊक आहे. पण त्यातली सुरुवातीला कुठली घ्यावी?

दहा पानांच्या आतली, धक्का न देता संपणारी एखादी मराठी कथा सुचवाल का? लेखिकेची असेल तर फारच बरं, आमच्या यादीत अजून एकही नाही. आणि काकांना काय सांगू, तेही सांगा.