प्रति: क्लास आणि फंक्शन एकाच भाषेत

तुम्ही नवी प्रोग्रामिंग भाषा बनवताय आणि "क्लासही ठेवू, फंक्शनही ठेवू, झाली भाषा" असं वर म्हटलंय. एवढं सोपं नाही ना भाऊ! गोची सबटाइपिंगमध्ये आहे, म्हणजे एका टाइपच्या (प्रकाराच्या) जागी त्याचा पोटप्रकार चालवून घेण्यात. आम्ही नागपूरकर, उदाहरण संत्र्याचंच देणार: फळांचा ॲरे (एकाच टाइपच्या वस्तूंची रांग) मागितला तिथे संत्र्यांचा दिला तर चालावं का? जावा चालवून घेते. मग त्यात कुणी केळं टाकलं तरी कोड आधी तपासणारा कंपायलर गप्प, आणि प्रोग्राम चालताना 'ॲरेस्टोअरएक्सेप्शन' ही एरर. यादी अपरिवर्तनीय, म्हणजे एकदा बनली की न बदलणारी, असेल तर ही भानगडच नाही. केळं जोडलं की फळांची नवी यादी मिळते, जुनी संत्र्यांचीच राहते. स्काला भाषेची लिस्ट अशीच आहे. म्हणजे इथे फंक्शनल बाजू (जुनं न बदलता नवं बनवणारी) क्लास-ऑब्जेक्टवाल्यांना मदतच करते.

टाइप इन्फरन्स, म्हणजे न लिहिलेले टाइप कंपायलरने स्वतः ओळखणं, मात्र रडवतं. त्याची हिंडली-मिल्नर ही प्रसिद्ध पद्धत सबटाइपिंगसोबत सरळ बसत नाही, म्हणून स्कालात मेथडच्या (क्लासमधल्या फंक्शनच्या) पॅरामीटरचे टाइप हाताने लिहावे लागतात. ओकॅमल भाषेत ऑब्जेक्टचा टाइप क्लासच्या नावावरून नाही, मेथड्सवरून ठरतो. वरच्या टाइपकडे (संत्र्याकडून फळाकडे) जायचं तर तसं स्पष्ट लिहायचं. मला हा सौदा पटतो, पण ओकॅमलचे एरर मेसेज वाचताना डोकं उठतं बाप्पा.

तुमच्या भाषेत सबटाइपिंग नावावरून की रचनेवरून, ते आधी सांगा. सिंटॅक्सचं भांडण नंतर.