फोर्क केलेल्या (दुसऱ्याचा कोड घेऊन स्वतंत्रपणे पुढे वाढवलेल्या) प्रकल्पात मूळ लेखकाचे श्रेय कोठे आणि कसे नोंदवावे?

टंकमित्र (प्रश्न)

आमचा छोटा गट देवनागरी टंकलेखनासाठी ब्राउझरचे एक एक्स्टेन्शन तयार करत आहे. ज्या प्रकल्पावर ते उभे आहे तो एमआयटी परवान्याखाली (कोड कोणालाही वापरू व बदलू देणारा मुक्तस्रोत परवाना) प्रसिद्ध झालेला असून बऱ्याच काळापासून निष्क्रिय आहे. आम्ही त्याची झिप फाइल उतरवून घेतली, नव्या रेपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) एकाच कमिटमध्ये (बदलांच्या एका नोंदीत) चढवली आणि पुढे कीबोर्डची मांडणी व जोडाक्षरांचे नियम यांचा मोठा भाग नव्याने लिहिला. आता नव्या नावाने प्रकाशन करायचे म्हटल्यावर गटात मतभेद झाले आहेत. एका सहकाऱ्याच्या मते रीडमीच्या (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलीच्या) तळाशी ‘अमुक प्रकल्पावरून प्रेरित’ एवढी ओळ पुरेशी आहे, तर दुसऱ्याला भीती वाटते की मूळ लेखकाचे नाव ठळकपणे दिल्यास आमच्या बग्जच्या तक्रारी त्यांच्याकडे जातील. परवान्याने नेमके काय बंधनकारक आहे आणि त्यापलीकडे काय करणे उचित ठरेल, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

परवानावाचक

एमआयटी परवान्याची अट एकच आहे, पण ती मोघम नाही: कॉपीराइटची सूचना आणि परवान्याचा मजकूर सॉफ्टवेअरच्या सर्व प्रतींमध्ये, तसेच त्याचा लक्षणीय भाग जेथे वापरला असेल तेथेही, कायम राहिला पाहिजे. म्हणून लायसन्स फाइलमधील मूळ लेखकाची ओळ जशीच्या तशी ठेवावी आणि तिच्याखाली आपल्या गटाची ओळ जोडावी. वर्डप्रेसची लायसन्स फाइल उघडून पाहा. हा प्रकल्प २००३ साली बी-टू या ब्लॉगिंग सॉफ्टवेअरच्या फोर्कमधून सुरू झाला, आणि इतका अवाढव्य होऊनही त्या फाइलमध्ये बी-टूच्या लेखकाचे नाव २००१ व २००२ या वर्षांसह आजही छापलेले आहे.

आपल्या बाबतीत एक गोष्ट हमखास नजरेतून सुटेल. एक्स्टेन्शन मिनिफाय करताना (कोड आकाराने लहान करताना) त्यातल्या टिप्पण्या उडतात आणि त्यांच्याबरोबर परवान्याची सूचनाही जाऊ शकते. रेपॉझिटरीत लायसन्स फाइल आहे, पण वापरकर्त्याच्या हाती पडणाऱ्या पॅकेजमध्ये नाही, अशा स्थितीत अट पाळली गेली असे म्हणता येत नाही.

सडेतोड

लेखकाने एमआयटी परवाना स्वखुशीने निवडला. ज्याला नावाची एवढी काळजी असते तो अधिक कडक परवाना घेतो. कोणी एखादी ओळ गाळली म्हणून कोर्टाची पायरी चढणार आहे का?

परवानावाचक

चढलेले लोक आहेत. खेळण्यातल्या रेल्वेगाड्या चालवणाऱ्या जेएमआरआय या मुक्तस्रोत प्रकल्पातील फाइली एका व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये लेखकांची नावे, कॉपीराइटच्या सूचना आणि मूळ स्रोताचा उल्लेख वगळून वापरल्या गेल्या होत्या. जेकबसन विरुद्ध कॅट्झर या त्या खटल्यात अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने ऑगस्ट २००८ मध्ये असा निर्णय दिला की, परवाना फुकट दिलेला असला तरी श्रेयाविषयीच्या अटी मोडणे हे कॉपीराइटचे उल्लंघन ठरू शकते. तेथे आर्टिस्टिक परवाना होता, एमआयटी नव्हे, हे मान्य. परंतु ‘फुकट दिले म्हणजे अटींना किंमत नाही’ हा युक्तिवाद त्या निकालाने बराच लंगडा केला. आपल्याकडेही १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार कृतीचे कर्तृत्व सांगण्याचा लेखकाचा हक्क कॉपीराइट हस्तांतरित केल्यानंतरही त्याच्याकडेच राहतो, आणि संगणक प्रोग्राम हा त्या कायद्याच्या दृष्टीने साहित्यकृतीतच मोडतो.

कमिटकर

मला लायसन्स फाइलपेक्षा तुमचे ते पहिले कमिट अधिक खटकते. संपूर्ण प्रकल्प एका कमिटमध्ये चढवल्यामुळे आज कोणत्याही ओळीवर गिट ब्लेम (कोणती ओळ कोणी लिहिली हे दाखवणारी आज्ञा) चालवले, तर मूळ लेखकाने लिहिलेला कोडही तुमच्यापैकी ज्याने तो चढवला त्याच्या नावावर दिसेल. परवान्याला याचे सोयरसुतक नाही. पुढे कोड वाचणाऱ्याची मात्र सरळ दिशाभूल होते.

हे अजून सुधारता येईल. मूळ रेपॉझिटरी रिमोट (बाहेरचा स्रोत) म्हणून जोडा, तुमची झिप फाइल ज्या कमिटशी जुळते ते शोधा, गिट रिप्लेसच्या ग्राफ्ट पर्यायाने ते तुमच्या पहिल्या कमिटचे पालक कमिट म्हणून लावा आणि नंतर फिल्टर-रेपो हे साधन चालवून ही जोडणी कायम करा. त्यानंतर तुमच्या सर्व कमिटांचे हॅश (ओळख-क्रमांक) बदलतील आणि गटातील प्रत्येकाला रेपॉझिटरी नव्याने क्लोन करावी (पूर्ण प्रत उतरवून घ्यावी) लागेल, म्हणून हे काम प्रकाशनापूर्वीच उरकलेले बरे.

‘प्रेरित’ ही ओळ मात्र काढून टाका. दुसऱ्याचे सॉफ्टवेअर पाहून स्वतःचा कोड लिहिला असता तर ती चालली असती. येथे फाइलीच उचललेल्या आहेत, तेव्हा ‘अमुक प्रकल्पाचा फोर्क’ असे रीडमीच्या पहिल्या परिच्छेदात दुव्यासह लिहावे.

टंकमित्र

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. तक्रारींचा प्रश्न मात्र उरतोच.

परवानावाचक

त्याच परिच्छेदात ‘हा फोर्क स्वतंत्रपणे सांभाळला जातो, अडचणी येथेच नोंदवाव्यात’ असे लिहा, आणि पॅकेजच्या माहितीत व एक्स्टेन्शनच्या मदत पानावर मूळ लेखकाचा ईमेल किंवा जुन्या इश्यू ट्रॅकरचा (तक्रारी नोंदवण्याच्या पानाचा) दुवा राहून गेला आहे का, हे तपासा, तक्रारी बहुधा तेथूनच चुकीच्या पत्त्यावर जातात. नवे नाव घेतले आहे हे उत्तम. कोड मुक्त असला तरी नाव आणि बोधचिन्ह मुक्त असतेच असे नाही. याच कारणाने डेबियन या लिनक्स वितरणाला २००६ पासून दहा वर्षे फायरफॉक्स ‘आइसवीझल’ या नावाने द्यावा लागला होता.