पहिल्या शर्यतीसाठी मेडल कसलं करावं? (२५० धावक)

पहाटवारा: आमचा धावण्याचा गट यंदा पहिल्यांदाच शर्यत भरवतोय. ५, १० आणि २१ किमी, मिळून २५० जण. खर्चाला हात आखडता आहे आणि हाताशी आठ आठवडे आहेत. मेडल धातूचं करावं की लाकडाचं? ज्यांनी स्वतः करून घेतलंय त्यांनी कृपया सांगा.

दणकट_पाऊल: धातूचंच. माझ्याकडे ३७ मेडलं आहेत. सगळ्यात जड आहे त्याचं मधलं चक्र फिरतं, दोन्ही बाजूंना उठावाचं काम आहे. त्याच्या वजनाने भिंतीतला खिळा दोनदा निघाला. तसं करा, पुढच्या वर्षी लोक मेडलसाठी नाव नोंदवतील.

पहाटवारा: फिरतं चक्र खर्चात बसणार नाही हो, वर लिहिलंय.

सावकाश_धावणारी: माझी पहिली २१ किमी मी मुदतीच्या ११ मिनिटं आधी पूर्ण केली, तर मेडलं संपलेली. टेबलावर उघडी खोकी, तळाशी रिकाम्या प्लास्टिकच्या पिशव्या. १० किमीवाल्यांना चुकून आमची वाटली होती. घरपोच पाठवू म्हणाले, पाच वर्षं झाली. जिंकणाऱ्याचं नाव निकालात पहिलं लागतं, आम्हाला गळ्यात पडतं तेवढंच. कसलंही करा, पण शेवटच्या माणसाला पुरेल एवढी करा.

जुना_जोडा: सगळ्यांनाच मेडल हे मुळात मला पटत नाही. पहिल्या तिघांना द्यावं, त्यातच मान आहे.

लांब_पल्ला: दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स बघा. १९२१ पासूनची शर्यत, अंतर ९० किमीच्या आसपास. तिथे मेडल वेळेवर ठरतं. पुरुषांत आणि बायकांत पहिल्या दहा-दहांना सुवर्ण. साडेसात तास उलटले पण ९ तासांच्या आत आलात तर बिल रोवन मेडल, कारण पहिल्या वर्षीचा विजेता बिल रोवन ८ तास ५९ मिनिटांत आला होता. मेडल जेमतेम नाण्याएवढं असतं, तरी त्यासाठी लोक वर्षभर सराव करतात.

दणकट_पाऊल: नाण्याएवढं मेडल फोटोत दिसत नाही. आणि लाकूड घामाने फुगतं. धातूचंच करा.

खोकी_उघडणारा: तीन वर्षं आमच्याकडचं मेडलचं काम मी बघतोय. ओतीव धातूत खर्च साच्याचा. २५० नगांना साचा तेवढाच, २,५०० ला तेवढाच, म्हणून कमी नगांत एकेक महाग पडतं. तीन अंतरांना तीन साचे करूच नका, अंतर रिबनच्या रंगावरून कळू द्या. साचा, नमुना, ओतकाम, मुलामा, रंग भरणं, वाहतूक, यात आठ आठवडे कसेबसे पुरतील. नमुना हातात आल्याशिवाय होकार देऊ नका. एकदा फक्त चित्र बघून हो म्हटलं, तर कडीचं भोक इतकं अरुंद निघालं की रिबन चुरगळून ओवावी लागली. आणि प्रत्येक मेडल वेगळ्या पिशवीत येतं. आदल्या रात्री पिशव्या काढून वीस-वीसच्या जुड्या टांगून ठेवा. झुंबड उडाली की पिशव्या फाडत बसायला वेळ नसतो.

घामाच्या_धारा: रिबनचं बरं काढलंत. आमची गडद निळी होती. घामाने रंग सुटला आणि पांढऱ्या टी-शर्टांच्या गळ्यांवर निळे ओघळ आले. बाकी धातूचंच करा, वर सगळ्यांनी सांगितलंय तेच.

जुना_जोडा: देणारच असाल तर वर्ष घालू नका. उरलेली पुढच्या वर्षी चालतील.

सावकाश_धावणारी: वर्ष घालाच! उरलेल्यांची सोय बघायची की ज्याच्या गळ्यात पडणार त्याची?

पहाटवारा: सगळ्यांचे मनापासून आभार. विचार करून लाकडाचंच ठरवलंय. लेझरने कापायला साचा लागत नाही, त्यामुळे २५० नग परवडतात आणि नावनोंदणी बंद झाल्यावर आकडा देता येतो. घामासाठी वॉर्निशचे दोन हात देणार. वर्ष घालणार. ताई, २१ किमीचं टेबल वेगळं ठेवतोय आणि नोंदणीपेक्षा १५ मेडलं जास्त करतोय. नमुना उद्या येतोय. त्याची रिबन रात्रभर मिठाच्या पाण्यात, पांढऱ्या फडक्यावर ठेवून बघणार आहे.